फ्री फ्लो आणि कोन फिल्टर बसवल्यावर गाडीचा दम गेला? कुठून तपासायला सुरुवात करायची

फ्री फ्लो म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर, कोन फिल्टर म्हणजे डब्याविना उघडा बसणारा शंकूसारखा एअर फिल्टर. लक्षणं आधी सांगतो. तुमची गाडी यात बसते का बघा.

खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरवर आरामात उचलणारी गाडी आता पहिला मागते. चार हजारांच्या पुढे गेली की मात्र पळते, निदान आवाज तरी तसा येतो. मायलेज लिटरमागे दीड-दोन किलोमीटरनं घसरलंय. एक्सलरेटर सोडला की मागून फट्-फट्. सकाळी थंड गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक येते, गरम झाली की गायब. ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं अडकलं की गाडी मरगळते, हायवेला जरा पळवली की सुधारते. आणि चेक लाइट. स्कॅनर लावला तर पी०१७१ (पेट्रोलच्या मानानं हवा जास्त) किंवा पी०४२०.

कोल्हापुरात बारा वर्षं गाड्यांवर हात काळे करतोय. यातली तीन लक्षणं घेऊन येणारी गाडी महिन्यातून दोनदा तरी दारात उभी राहते. बहुतेक वेळा १.२ लिटरची साधी पेट्रोल गाडी असते, स्विफ्ट, बलेनो, आय१० वगैरे, आणि मालक म्हणतो, "भाऊ, हेडर बसवलं, डबा बदलला, फिल्टर टाकला, चाळीस हजार घातले आणि गाडी बसली." हेडर म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपांचा जुडगा, डबा म्हणजे सायलेन्सर. गाडी खरंच बसलेली असते का, आणि असेल तर कशानं, ते शोधायचा क्रम खाली देतोय. फुकटात होणारं आधी, पाना लागणारं नंतर.

आधी अपेक्षा जागेवर आणा

स्विफ्टच्या जुन्या चार सिलिंडर के-सिरीज इंजिनाचं उदाहरण घ्या. ११९७ सीसी, ताकद ८३ पीएसच्या आसपास, टॉर्क ११३ एनएम. हे ८३ पीएस सहा हजार आरपीएमला मिळतात. गावात गाडी दीड ते अडीच हजारांत चालते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, त्यामुळे दोन हजारांवर पूर्ण एक्सलरेटर दाबला तरी तुमच्या हातात पंचवीस-सत्तावीस पीएसच असतात. टर्बो नसलेल्या अशा इंजिनाला चांगलं हेडर आणि फ्री फ्लो डबा नीट बसवला, तर वरच्या टोकाला दोन-चार टक्के मिळतात. म्हणजे दोन-तीन पीएस, तेही तिसऱ्या गिअरमध्ये शंभरच्या पुढे गेल्यावर. राजारामपुरीच्या सिग्नलला ते दिसणार नाहीत. त्यामुळे "फरक पडला नाही" एवढीच तक्रार असेल तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. "आधीपेक्षा वाईट झाली" असं असेल तर पुढं वाचा.

फुकटचे तपास

टायरची हवा बघा. हसू नका. मोठा आवाज बसवणारा गडी बरेचदा त्याच आठवड्यात रुंद टायर आणि जड अलॉयही बसवतो, आणि पिकअप गेल्याचं खापर सायलेन्सरवर फोडतो. चाक जड झालं किंवा घेर वाढला की पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी जड लागणारच.

मग पेट्रोल. आता पंपावर सर्रास ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानानं ई२० मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी. जुन्या गाडीचं मायलेज त्यानंच थोडं उतरलं असेल. डबा बसवायच्या आधीच्या तीन-चार टाक्यांचा हिशोब लिहिलेला असेल तरच मायलेजची तक्रार करा. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही.

जागाही बघा. रत्नागिरीचा एक गिऱ्हाईक दर वेळी म्हणायचा की घरी गाडी ओढते आणि कोल्हापुरात आली की ढेपाळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथं हवेचा दाबच सहा टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढंच काम करतं. महाबळेश्वरला गेलात तर पंधरा टक्के कमी. यात सायलेन्सरचा काय दोष?

आता घड्याळ लावा. कानाला मोठा आवाज वेग वाटतो आणि गुपचूप गाडी मंद वाटते, माझंही तसंच होतं. मोकळा सरळ रस्ता, एसी बंद, तिसरा गिअर, ताशी ४० ते ८०. शेजारी बसलेल्यानं मोबाइलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढायचा. जाताना तीनदा, येताना तीनदा, सरासरी काढा. हा आकडा वहीत लिहा, शेवटी लागणार आहे. आरपीएमची सुई वर चढते पण वेग त्या मानानं वाढत नाही, असं व्हिडिओत दिसलं तर क्लच घसरतोय. तो वेगळा आजार, इथंच थांबा.

थंड गाडी, कान आणि टॉर्च

माझ्याकडच्या दहातल्या सहा गाड्यांचा निकाल इथंच लागतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

रात्रभर उभी असलेली गाडी मोकळ्या जागेत सुरू करा, बंद शटरच्या आत अजिबात नको. बॉनेट उघडा आणि हेडर जिथं इंजिनच्या हेडला बसतं तिथं कान द्या. टिक-टिक-टिक असा कोरडा ठोका इंजिनच्या लयीत येतो का? टॅपेटचा आवाज गाडी गरम झाल्यावरही राहतो. गळतीचा ठोका तीन-चार मिनिटांत विरतो, कारण लोखंड तापून फुगतं आणि फट तात्पुरती बंद होते. म्हणूनच दुपारी मेकॅनिककडे नेलं की "काही आवाज नाही साहेब" असं उत्तर मिळतं. गाडी रात्री सोडून जा आणि सकाळी त्याच्या समोर सुरू करा.

मग इंजिन बंद करून टॉर्च मारा. फ्लँजच्या कडेला, पॅकिंगच्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला काळा डाग दिसला तर तिथून धूर बाहेर येतोय. पक्कं करायचं असेल तर इंजिन थंड आणि बंद असताना मागच्या पाइपात ब्लोअरची हवा सोडा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. फुगे आले की सापडलं. खर्च शून्य.

बारीकशा गळतीनं एवढं काय बिघडतं, तेही सांगतो. एक्झॉस्ट सलग वाहत नाही, एकेका सिलिंडरच्या ठोक्यानं धडका मारत जातो. दोन धडकांच्या मधे पाइपात क्षणभर दाब वातावरणापेक्षाही खाली उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवून देतो. पेट्रोल आधीच बरोबर होतं, आता जास्त झालं. मायलेज जातं, प्लग काळे होतात, आणि एक्सलरेटर सोडल्यावर गळतीतून आलेली हवा व उरलेलं पेट्रोल गरम पाइपात पेटून मागं फट्-फट् होते. पोरांना तो आवाज आवडतो ही आणखी पंचाईत.

मागच्या पावसाळ्यात आलेली एक पांढरी स्विफ्ट डोळ्यांसमोर आहे. हेडर दिसायला झकास, वेल्डिंगची रेघ नाण्यांची चळत आडवी केल्यासारखी. पण बसवणाऱ्यानं जुनंच पॅकिंग परत लावलं होतं आणि शेवटचा नट हाताला अडचणीचा म्हणून अर्धा आवळून सोडलेला. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे बोटभर काजळी. स्कॅनरवर ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, अधिक १८. नवीन पॅकिंग टाकलं, नट मधून बाहेरच्या बाजूला दोन टप्प्यांत आवळले, शंभर किलोमीटर पळवून परत बघितलं तर अधिक ५. त्या मालकानं त्याआधी दोन ठिकाणी "रिमॅप करा", म्हणजे ईसीयूतलं सॉफ्टवेअर बदला, हा सल्ला ऐकला होता. गळक्या हेडरवर रिमॅप म्हणजे पंक्चर न काढता हवा भरत राहणं.

केबिनमधल्या घूं आवाजासाठी खाली वाकून रबरी हँगर बघा आणि पाइप कुठं बॉडीला टेकलाय का ते बघा. टेकत नसेल तर तो डब्याचाच अनुनाद आहे. चार सिलिंडर इंजिनाचे ठोके तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर पडतात, आणि नेमका त्याच पट्टीत रिकामा डबा आणि केबिन दोन्ही घुमतात. मधे छोटा रेझोनेटर घातला की घूं बरीच उतरते. ताकदीशी याचा संबंध नाही.

हवा आत येते त्या बाजूला

सगळे क्लॅम्प हातानं हलवून बघा. मग मूळ फिल्टरच्या डब्याला जोडलेल्या बारीक नळ्या कुठं गेल्या ते शोधा. इंजिनच्या आतली वाफ ओढून घेणारी ब्रीदर नळी कोन फिल्टर बसवताना नुसती लोंबकळत सोडलेली मी कितीदा बघितली आहे. त्यातून धूळ इंजिनात जाते. ज्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे तिथं त्या सेन्सरच्या पुढचं भोक उघडं राहिलं तर न मोजलेली हवा आत शिरते आणि पी०१७१ लागतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएएफ नसतो, आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथं थ्रॉटलच्या पुढं, इंजिनच्या बाजूला गळती असेल तर कोड न लागता आयडल, म्हणजे एक्सलरेटर न दाबतानाचे फेरे, चढलेलं राहतं.

तेल लावलेला धुण्याजोगा फिल्टर असेल आणि गाडीत एमएएफ असेल, तर जास्तीचं तेल त्याच्या तारेवर बसतं आणि मोजमाप चुकतं. त्यासाठीचा खास क्लीनर मिळतो, तोच वापरा. कार्ब क्लीनर किंवा ब्रश लावलात तर सेन्सर नवीन घ्यावा लागेल.

उष्णतेचं गणित कोन फिल्टर विकणारे सांगत नाहीत. मूळ फिल्टरच्या डब्याची सोंड पुढच्या जाळीजवळून बाहेरची गार हवा घेते. कोन फिल्टर उघडा इंजिनच्या खोलीत बसतो, आणि शेजारी आता विनाआच्छादनाचं लालभडक तापणारं हेडर. बाहेर ३५ अंश असताना ट्रॅफिकमध्ये मूळ डब्यानं ४५-५० दाखवलेलं आणि त्याच गाडीत कोन फिल्टरनं ७० गाठलेलं मी मोजलंय. दर दहा अंशांमागे हवा साधारण तीन टक्के विरळ होते. वीस-पंचवीस अंशांत सहा-सात टक्के ताकद गेली, म्हणजे हेडरनं दिलं त्याच्या दुप्पट. वर ईसीयू गरम हवा बघून प्लगच्या ठिणगीचं टायमिंगही मागं घेतो. ट्रॅफिकमध्ये मरगळणारी आणि हायवेला सुधारणारी गाडी म्हणजे नव्वद टक्के हाच प्रकार. आणि हो, मूळ डब्यात बसवलेला तापमान सेन्सर काही जण टायनं रेडिएटरच्या होजला बांधून ठेवतात. तो शोधा आणि हवेच्या वाटेत परत बसवा.

आठशे-हजार रुपयांचा स्कॅनर

ब्लूटूथचा छोटा ओबीडी अडॉप्टर घ्या, मोबाइलवर ॲप टाका. कोड पुसायची घाई करू नका. आधी इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आणि मग अडीच हजार आरपीएमला धरून शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम लिहून घ्या. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहाच्या आत असली की मी काळजी करत नाही. ई१० साठी बेतलेल्या गाडीत ई२० भरलं की चार-पाच टक्के तिथंच वाढतात, ते वजा धरा.

आयडलला जास्त आणि अडीच हजारांना कमी होत असेल तर कुठंतरी हवा गळतेय, परत मागच्या दोन तपासांकडे जा. आरपीएमबरोबर ट्रिमही चढत असेल तर पेट्रोलचा पंप, त्याचा फिल्टर किंवा घाण झालेला एमएएफ. ट्रिम जोरात उणे असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा सेन्सर खोटं बोलतोय.

पुढच्या साध्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. गरम इंजिनवर तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली नाचायला हवा. सुस्त असेल तर तो बसवलाय कुठं ते बघा. हेडर बनवणाऱ्यानं सेन्सरची जागा हातभर मागं नेली असेल तर तो उशिरा तापतो आणि उशिरा उत्तर देतो. त्याची वायर पाइपाला टेकून वितळलेली नाही ना, हेही हात लांब करून चाचपा, अर्थात गाडी थंड असताना.

पी०४२० म्हणजे कॅटचं, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, काम अपुरं. कॅट काढून सरळ पाइप टाकला असेल तर हा कोड येणारच. मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालून लाइट विझवायचा जुगाड सर्रास चालतो. मी करत नाही. लाइट विझतो, धूर तसाच राहतो, आणि पुढं कॅट खरंच खराब झाला तर वाट लागल्यावर कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल चालत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर आवाज आणि प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. कॅट जागेवर ठेवून त्याच्या मागचं काम करा.

जुना डबा परत लावा

आता जरा मेहनत. आधी फक्त मूळ एअर फिल्टरचा डबा परत बसवा. तासाभराचं काम आहे. बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवली की ईसीयूनं शिकलेली चुकीची ट्रिम पुसली जाते. त्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटर गाव आणि हायवे असं मिसळून चालवा, त्याला परत शिकू द्या. मग तोच रस्ता, तोच तिसरा गिअर, तेच ४० ते ८०. वहीतला आकडा काढा. वेळ कमी झाला तर चोर कोन फिल्टर होता. फरक नसेल तर मागचा डबा बदलून हेच परत करा. एका वेळी एकच वस्तू. दोन्ही एकदम बदलल्या तर काहीच कळणार नाही.

मागचा पाइप बदलल्यावर खालचा ओढा परत आला, तर पाइप जाड पडला होता. "इंजिनाला बॅक प्रेशर लागतं" असं गॅरेजात सगळे म्हणतात. अडथळ्यानं कुठल्याच इंजिनाचं भलं होत नाही, इंजिनाला हवा असतो धुराचा वेग. बारीक पाइपातून वेगानं गेलेली धुराची एक धडक मागच्या सिलिंडरमधला उरलेला धूर आपल्यामागं ओढून नेते. समजा ४२ मिमी पाइपाऐवजी अडीच इंची, म्हणजे ६३ मिमी टाकला, तर क्षेत्रफळ सव्वादोन पट झालं. तेवढ्याच धुराचा वेग निम्म्याखाली आला आणि ती ओढ गेली. १.२ लिटरला मी दोन इंचाच्या वर जात नाही. हेडरमध्येही रोजच्या गाडीला फोर-टू-वन, म्हणजे चार पाइपांचे आधी दोन आणि मग एक होणारं, घ्या, ते मधल्या आरपीएमला साथ देतं. फोर-टू-वन हे मोठ्यानं बोलून दाखवा आणि दुकानदारानं फोर-वन पुढं केलं तर ते रेस ट्रॅकवाल्यांसाठी ठेवून द्या म्हणावं.

टर्बो गाडीचं गणित निराळं आहे. तिथं टर्बाइनच्या मागचा अडथळा कमी झाला की टर्बो लवकर जागा होतो, म्हणून पोलो टीएसआयसारख्या गाडीत डाउनपाइपचा, म्हणजे टर्बोच्या लगेच मागच्या पाइपाचा, फरक खरा जाणवतो. पण बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, ठरल्यापेक्षा वर जाण्याचा धोकाही तिथंच असतो. टर्बो गाडीत इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प तपासा, त्यापुढं घरी काही करू नका.

इथं थांबा

चेक लाइट लुकलुकतोय, नुसता पेटलेला नाही: गाडी बाजूला घ्या. मिसफायर होऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये न पेटता, कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतंय, कॅट आतून वितळतो आणि मग गाडी खरोखरच गुदमरते. पाइप खालून लाल दिसत असेल तर तेच. अशी गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका, शेताला आग लागायला तेवढं पुरतं.

केबिनमध्ये धुराचा वास येतोय, डोकं जड होतंय: काचा उघडा, गाडी चालवणं बंद.

चढाला लोड दिल्यावर डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतोय: नॉकिंग आहे. कुणी रिमॅप केलं असेल तर त्याच्याकडून मूळ फाइल परत टाकून घ्या. तोवर एक्सलरेटर अर्ध्याच्या वर नको.

वरचं सगळं झालं, ट्रिम ठीक, गळती नाही, मूळ सामान परत लावलं आणि तरीही ओढत नाही: आता कॉम्प्रेशन, पेट्रोलचा दाब आणि सेन्सरच्या भोकात गेज लावून एक्झॉस्टचा दाब मोजावा लागतो. अडीच हजार आरपीएमला तिथं तीन पीएसआयच्या वर दाखवलं तर कॅट तुंबलाय. ही गेजं घरात नसतात आणि गरम भोकातला सेन्सर उपटताना हेडरचे आटे जातात. हे काम मेकॅनिकला करू द्या.

त्याच्याकडे जाताना वही, ट्रिमचे फोटो आणि मूळ फिल्टरचा डबा डिकीत टाकून न्या. डबा भंगारात घातला असेल तर आधी तो मिळवा, नाहीतर पहिला दिवस त्याच्याच शोधात जातो.